केशगळती, रक्तद्रव आणि ‘कर्जाचे प्रयोजन’

लखनौहून हरदोई रस्त्याने निघाले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर मलिहाबाद लागते. दशहरी आंब्याचा हा मुलूख. ज्या मूळ झाडापासून दशहरीचा सारा विस्तार झाला असे मानले जाते, ते झाड काकोरीजवळच्या दशहरी नावाच्या गावात आजही उभे आहे. माझ्यासारख्या पुणेकरास येथे बदली झाल्यावर हापूस आणि दशहरी यांच्यात डावे-उजवे करण्याचा मोह आवरावा लागतो. ग्राहकसेवेच्या दृष्टीने तेच हिताचे.

येथे येणाऱ्या कर्ज-अर्जांतील ‘प्रयोजन’ हा रकाना बहुधा ठरलेला असतो. फवारणीची औषधे, कूपनलिका, पेट्या व वाहतूक, क्वचित ट्रॅक्टर. फेब्रुवारीत, बागांना मोहोर येऊ लागला असताना, एका बागाईतदाराच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने वैयक्तिक कर्जाचा अर्ज दिला, त्यात त्या रकान्यात लिहिले होते : ‘वैद्यकीय उपचार – पीआरपी’. सोबत लखनौच्या एका खाजगी केशोपचार केंद्राचे कोटेशन होते. बारा बैठका, प्रत्येकी सहा हजार रुपये, वर अठरा टक्के कर. आंब्याचा हंगाम संपताच मुलाचे लग्न ठरलेले होते. वडील जामीनदार म्हणून आले होते. त्यांनी कागदांवर सही करण्यापूर्वी मला विचारले, “साहेब, आपल्याच अंगातले रक्त काढून आपल्याच डोक्यात टोचल्याने केस खरोखर येतात का?”

प्रश्न पतधोरणाचा नव्हता, तरीही टाळण्याजोगा नव्हता. शिवाय त्यांनी तो विचारताना माझ्या कपाळाकडे पाहिले होते. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, वैद्य नव्हे. परंतु हा उपचार मी स्वतः घेतलेला आहे, आणि त्यासाठी पैसे मोजताना जी चौकशी आधी करावयास हवी होती ती मी नंतर केली. त्या चौकशीचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहे.

केस गळतो तेव्हा नेमके काय होते?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि दररोज त्यांतले पन्नास ते शंभर गळणे हे स्वाभाविक मानले जाते. प्रत्येक केसाचे मूळ त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीत असते, तिला केशपुटक म्हणतात. हे पुटक दोन ते सहा वर्षे केस वाढविते, दोन-तीन आठवडे आवरते घेते, सुमारे तीन महिने विश्रांती घेते आणि मग जुना केस टाकून नव्याने कामास लागते. सर्व पुटके एकाच वेळी विश्रांतीस जात नाहीत, म्हणून आपल्याला झाडाची पानगळ होते तसे होत नाही.

पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या केशगळतीत हे चक्रच आखूड होत जाते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून एका विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, संक्षेपाने डीएचटी, तयार होते. ज्यांच्या पुटकांना आनुवंशिकतेने या द्रव्याची अधिक संवेदनशीलता लाभलेली असते, त्यांच्या पुढच्या व माथ्यावरच्या पुटकांचा आकार हळूहळू घटत जातो. जाड केसाच्या जागी बारीक केस, बारीक केसाच्या जागी लव, आणि अखेरीस काहीच नाही. कानामागचे व मानेकडचे केस मात्र या द्रव्यास फारशी दाद देत नाहीत. टक्कल पडलेल्या गृहस्थांच्या डोक्याभोवती झालर शिल्लक राहते ती यामुळेच. केशप्रत्यारोपणात याच झालरीतील पुटके उचलून पुढे लावतात. स्त्रियांमध्ये कपाळाची रेषा बहुधा टिकते आणि भांगाजवळचा भाग विरळ होत जातो.

संप्रेरकाचा हा संबंध लक्षात येण्याची कथा रंजक आहे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढे १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील काही पुरुषांमध्ये जन्मतःच डीएचटी तयार करणाऱ्या विकराची उणीव होती, आणि त्यांच्या कपाळावरील केसांची रेषा मागे हटत नाही असे आढळले. त्या विकराला आवर घालणारे फिनास्टेराइड हे औषध केसांसाठी अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले. त्याआधी, १९८८ साली, डोक्यास लावण्याचे मिनॉक्सिडिल मान्य झाले होते. ते मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर लव वाढू लागली, तेव्हा त्याचा हा दुसरा गुण ध्यानात आला. या क्षेत्रात भक्कम आधार असलेली औषधे प्रामुख्याने हीच दोन. दोहोंना मर्यादा आहेत : वापर थांबविला की लाभही ओसरतो. फिनास्टेराइडमुळे थोड्या पुरुषांत लैंगिक तक्रारी उद्भवतात, आणि गर्भवती स्त्रियांसाठी ते सर्वथा वर्ज्य आहे. त्यामुळे ‘औषध नको, काही नैसर्गिक सांगा’ असे म्हणणारा मोठा वर्ग आहे, आणि पीआरपीची बाजारपेठ नेमकी तेथे उभी राहते.

रक्तातील कोणता भाग?

पीआरपी म्हणजे रक्तपट्टिकांनी समृद्ध केलेले रक्तद्रव. रक्तपट्टिका हा शब्द क्रमिक पुस्तकातला वाटेल, परंतु ‘प्लेटलेट’ म्हटले की पावसाळा सरताना डेंग्यूची साथ अनुभवलेल्या कोणासही वेगळे सांगावे लागत नाही. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलीमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की त्या तेथे गोळा होऊन रक्त थांबवितात हे आपण जाणतो. त्यांचे दुसरे काम कमी परिचित आहे. त्यांच्या पोटात सूक्ष्म कणिका असतात आणि त्यांतून निरनिराळी प्रथिने बाहेर पडतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. नव्या रक्तवाहिन्या फुटणे, पेशींचे विभाजन होणे, जखम भरून येणे ही कामे या घटकांच्या संदेशाने चालतात.

यावरून कल्पना अशी निघाली की रक्तपट्टिका एकवटून जेथे दुरुस्ती हवी तेथेच सोडाव्यात. १९९८ साली अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स व सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमासोबत असे रक्तद्रव वापरून हाड अधिक चांगले भरते असे दाखविले. २००६ साली ब्राझीलच्या कार्लोस उबेल व सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणापूर्वी केसांची रोपे त्यात भिजवून पाहिली. तेथून हा उपचार डोक्यात थेट टोचण्यापर्यंत आला. मरगळलेल्या पुटकांना वृद्धिघटकांमुळे पुन्हा वाढीच्या अवस्थेत यावेसे वाटेल, अशी त्यामागील धारणा आहे.

प्रत्यक्ष कृती तासाभरात आटोपते. दंडातून दहा-वीस मिलिलिटर, क्वचित अधिक, रक्त काढतात आणि ते गोठू नये म्हणून सायट्रेटयुक्त द्रव असलेल्या नळीत घेतात. नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरविली की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहते आणि दोहोंच्या सीमेवर पांढुरका पातळ थर दिसतो. रक्तपट्टिका या थरालगत असतात. पुष्कळ ठिकाणी वरचा भाग काढून घेऊन पुन्हा एकदा फिरवितात, म्हणजे त्या अधिक एकवटतात. मग बारीक सुईने डोक्यात थोड्या थोड्या अंतरावर थेंब थेंब सोडतात. मधमाश्यांच्या पोळ्याखाली बसल्याचा अनुभव येतो, हे मी अनुभवाने सांगतो. बधिरीकरणाचे मलम लावले तरी कपाळाजवळच्या टोचण्या डोळ्यांत पाणी आणतात. दोन दिवस डोके जड वाटते, थोडी सूज येते आणि ओसरते. रक्त स्वतःचेच असल्याने ॲलर्जीचा धोका नगण्य असतो.

येथे एक ग्यानबाची मेख आहे. सामान्य रक्तात दोन-तीन लाख रक्तपट्टिका असतील, तर या द्रवात त्या दहा लाखांच्या घरात असाव्यात असा एक सर्वपरिचित निकष आहे. परंतु नळी किती वेगाने फिरविली, किती मिनिटे, एकदा की दोनदा, नेमका कोणता थर उचलला, यावर ही संख्या पुष्कळ बदलते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. रचिता धुरत व सहकाऱ्याने २०१४ साली या पद्धतींचा सविस्तर आढावा घेतला. तो वाचताना मला जाणवले की गोळीच्या पाकिटावर जसे मिलिग्रॅम छापलेले असतात तसे येथे काही छापलेले नसते. दोन केंद्रांत ‘पीआरपी’ या एकाच नावाने मिळणारा द्रव दोन वेगळे पदार्थ असू शकतात. माझ्या उपचाराच्या वेळी रक्तपट्टिका मोजल्या होत्या काय, असे मी पुढे विचारले. उत्तरादाखल मला चहा मिळाला.

पुण्यातील अकरा रुग्ण

मलिहाबादेत बसून पुण्याचा दाखला द्यावा लागतो, कारण या विषयावर वारंवार उद्धृत होणारा एक अभ्यास पुण्याच्या श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयात झाला. डॉ. स्वप्ना खातू व सहकाऱ्यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. सहा महिने मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड घेऊनही ज्यांना गुण आला नाही अशा अकरा रुग्णांना त्यांनी दर दोन आठवड्यांनी, एकूण चार वेळा, दोन ते तीन मिलिलिटर पीआरपी टोचले. तीन महिन्यांनंतर केसांच्या पुंजक्यांची सरासरी संख्या एका चौरस सेंटीमीटरमागे ७१ वरून ९३ झाली. चिमटीत केस धरून हलके ओढण्याची जी चाचणी असते, तीत नऊ जणांचे केस सुटेनासे झाले.

आकडे आशादायक आहेत. तरी ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या माणसाला दोन गोष्टी खटकाव्यात. रुग्ण अवघे अकरा, आणि तुलनेसाठी नुसते पाणी टोचलेला दुसरा गट नाही. ही त्या डॉक्टरांची चूक नव्हे. पहिले पाऊल असेच पडते. तुलना पुढे झाली. २०१५ साली इटलीत वीस पुरुषांच्या डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी आणि अर्ध्या भागात निष्क्रिय द्रव सोडण्यात आला. पीआरपीच्या भागात केस निश्चितपणे वाढले. मात्र वर्ष लोटल्यावर चौघांची गळती पुन्हा सुरू झाली. २०१६ साली इराणमधील पुरुषांवरच्या एका लहान चाचणीत पीआरपी व साधा द्रव यांत फरकच आढळला नाही. त्याच वर्षी सव्वीस स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या एका चाचणीतही केसांची संख्या वाढल्याचे दिसले नाही. त्यात उपचार एकदाच दिला होता हे मात्र ध्यानात घ्यावयास हवे.

या सर्वांतून माझ्या मते निष्कर्ष असा निघतो. पुष्कळ रुग्णांना, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेत, काही महिन्यांच्या अंतराने थोडाफार लाभ होतो. तो कायमचा नसतो, म्हणून सहा महिन्यांनी वा वर्षाने पुन्हा टोचावे लागते. कोणाला होईल आणि कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही.

आणि जेथे पुटकच उरले नाही, तेथे काही उगवत नाही. हे समजावताना मला मलिहाबादेतीलच उदाहरण कामी आले. रहमानखेडा येथे आंबा व अन्य उपोष्ण फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या, फळ न देणाऱ्या आमराया थंडीच्या दिवसांत छाटून त्यांचा जीर्णोद्धार करण्याची पद्धत तिने शेतकऱ्यांना शिकविली. फांद्या छाटल्या की नवी फूट येते आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा आंबा लागू लागतो. मी त्या वडिलांना म्हटले, “चाचा, जिवंत खोडाला फूट येते, वाळलेल्या खुंटाला किती पाणी घालाल?” ते बराच वेळ मुलाच्या डोक्याकडे खोड पाहावे तसे पाहात राहिले. मुलाला ते आवडले नाही.

बाहत्तर हजारांचे अठ्ठ्याण्णव हजार

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे वळतो. कोटेशनातील बारा बैठकांचे बाहत्तर हजार अधिक कर, म्हणजे ८४,९६० रुपये. समजा ८५,००० रुपयांचे कर्ज १४ टक्के दराने चोवीस महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४,०८० रुपये येतो आणि एकूण परतफेड जवळजवळ ९८,००० रुपयांवर जाते. आंबा बागाईतदाराची आवक वर्षातून एकदा, जून-जुलैत. हप्ता मात्र दरमहा. शिवाय दशहरीचे झाड एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष रोडावलेले, असे आलटून पालटून फळते. पीकपाण्याचे कर्ज हंगामाशी जुळवून देता येते, वैयक्तिक कर्ज नाही.

केंद्रात याहून गोड पर्यायही सुचविला होता : ‘बिनव्याजी हप्ते’. बँकेत काम करणाऱ्यास हा शब्द ऐकून हसू येते. शून्य टक्के व्याज ही वस्तुतः अस्तित्वातच नसलेली कल्पना आहे, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज कोठेतरी, बहुधा किमतीत वा प्रक्रिया शुल्कात, दडलेलेच असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत-कर्ज घेणाऱ्यास ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बँका व वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो एक आकडा वाचावा, एवढी माझी सर्व ग्राहकांस विनंती राहील. आरोग्यविम्याचा आधार येथे मिळत नाही; सौंदर्योपचार हे पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत मोडतात.

परंतु माझा मुख्य आक्षेप व्याजाला नव्हता, आगाऊ रकमेला होता. बारा बैठका कोणत्या आधारावर ठरविल्या? प्रचलित रीतीने महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका घ्याव्यात, छायाचित्रांची तुलना करावी, आणि गुण दिसला तरच पुढे जावे. गुण दिसतो की नाही हे कळण्यापूर्वीच बारांचे पैसे देणे म्हणजे माल न पाहता संपूर्ण बिल फेडणे होय. मी हेच केले होते. सहा बैठकांचे पैसे एकरकमी भरले, दोन झाल्या आणि मलिहाबादेस बदलीचा आदेश हाती पडला. उरलेल्या चार बैठका ‘हस्तांतरणीय नाहीत व परतावा नाही’ हे पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले होते. दिवसभर इतरांना बारीक अक्षरे वाचावयास सांगणाऱ्या माणसाने ती वाचली नव्हती. घरी हा प्रसंग अद्याप विसरला गेलेला नाही.

सुई कोणाच्या हाती

स्वतःचेच रक्त असले तरी नळी, सुई आणि यंत्र स्वतःचे नसते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना केंद्रात चेहऱ्यासाठी पीआरपी घेतलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे तेथील आरोग्ययंत्रणेने २०२४ साली प्रसिद्ध केले. म्हणून नवी, सीलबंद सुई व नळी आपल्या डोळ्यांदेखत उघडली जावी, नळीवर आपले नाव लिहिलेले असावे, यात संकोच करण्यासारखे काही नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, रक्तपट्टिका कमी असणाऱ्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे.

केशप्रत्यारोपण तर शस्त्रक्रियाच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. २०२५ साली येथून जवळच, कानपुरात, प्रत्यारोपणानंतर एका अभियंत्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्या सूचनेची आवश्यकता साऱ्यांनाच कळली. मलिहाबादच्या बाजारातही तेव्हा तीच चर्चा होती.

त्या अर्जाचे पुढे

अर्ज मी नाकारला नाही. तो माझा अधिकारही नव्हता, कारण मुलाची पत चांगली होती. मी एवढेच सुचविले की सही करण्यापूर्वी लखनौच्या एखाद्या शासकीय रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तेथे गेल्यावर पहिलाच प्रश्न निघाला : अलीकडे ताप आला होता का? ऑक्टोबरात त्याला डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ पुटके एकदम विश्रांतीस जाऊन केस मूठभर गळतात, आणि सहसा काही महिन्यांत आपोआप परत येतात. उशीवर दिसणारे केस प्रामुख्याने त्या तापाचे होते. भिंगाच्या उपकरणाने पाहता कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत जाड-बारीक केसांची सरमिसळ आढळली. तेवढी मात्र आनुवंशिक गळतीची सुरुवात होती. त्यासाठी मिनॉक्सिडिल लिहून दिले. पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटेल, घाबरू नये, असेही बजावले. पीआरपीचा विचार सहा महिन्यांनी, हवा असल्यास.

मुलगा त्या आठवड्यात येऊन अर्ज परत घेऊन गेला. फारसा खूश दिसला नाही. लग्नाला चार महिने उरले असताना ‘थांबा’ हा सल्ला कोणाला रुचेल?

जुलैत तो दशहरीची पेटी घेऊन शाखेत आला. नियमाप्रमाणे मी तिचे पैसे दिले, यावरून थोडी हुज्जत झाली. मग त्याने मोबाइल काढून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, त्याच खिडकीपाशी काढलेली छायाचित्रे दाखविली. माथ्यावरचे केस भरून आलेले दिसत होते. कपाळाचे कोपरे मला होते तसेच वाटले. त्याला उजवा कोपरा सुधारल्यासारखा वाटत होता. सप्टेंबरात तीन बैठका घेण्याचा त्याचा विचार आहे. प्रत्येक बैठकीचे पैसे त्या त्या दिवशीच देणार, हे त्याने केंद्रातून लिहून घेतले आहे. नवे आवर्ती ठेव खाते उघडण्याचा फॉर्म त्याने तेथेच भरला, आणि त्यातील ‘प्रयोजन’ हा रकाना कोरा सोडला.